लस टोचल्यानंतरचा अर्धा तास

माझ्या धाकट्याची नवव्या महिन्याची लस होती तेव्हा आम्ही सासरी होतो, सातारा जिल्ह्यात, म्हटलं आता एका लसीसाठी पुण्याला कुठे पळायचं, इथे अंगणवाडीत सत्र असतं तिथेच देऊ. आशाताई आदल्या दिवशी घरोघर सांगून गेली होती. सकाळी दहाला गेले तर सिस्टर आधीच आलेल्या, लसीचा निळा डबा टेबलाखाली सावलीत, रजिस्टर उघडलेलं आणि भिंतीला टेकून सहा-सात आया बसलेल्या, कुणाच्या कडेवर तर कुणाच्या मांडीवर पोरं. माझ्या शेजारी एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती, सोबत सासू, आणि बाळाच्या हातात बिस्किट, निम्मं तोंडात निम्मं स्वेटरवर.

लस टोचून झाली, पोरगं रडून शांत झालं, आणि सिस्टर तिला म्हणाल्या, "आता अर्धा तास थांबायचंय ना, मग मला सांग बरं, काल सकाळपासून रात्रीपर्यंत ह्यानं काय काय खाल्लं. आठवून आठवून सांग, घाई नाही."

"सगळं खातंय की सिस्टर," ती म्हणाली. सिस्टर नुसत्या हसल्या, म्हणाल्या सकाळपासून सांग. मग एकेक बाहेर आलं. उठल्यावर चहात बुडवून दोन बिस्किटं, अंघोळ झाली की वरणाचं पाणी, दुपारी अंगावरचं दूध, चार वाजता परत बिस्किट, रात्री पेज. सिस्टरनी ना कपाळाला आठी घातली ना आवाज चढवला. अंगणवाडीत त्या दिवशी पोरांसाठी खिचडी शिजली होती, त्यातली थोडी वाटीत मागवली, चमच्यात घेतली आणि चमचा सरळ वाकडा केला. "हे बघ, असं वाकडं केलं तरी पडत नाही. बाळाचं जेवण असं पाहिजे. वरणाच्या पाण्यानं पोट भरतं आणि दुसरं काही जात नाही. वरचं पाणी तू पी, खालची डाळ त्याला दे."

मग सासूकडे वळून, "आजी, चहा कोण देतं?" आजी म्हणाल्या, "रडतंय म्हणून मीच देते गं, आमची पोरं चहावरच मोठी झाली." मला वाटलं आता बोलणी बसणार. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या हातानी मोठी झाली म्हणून तर तुम्हाला सांगते. चहानं जेवणातलं लोह अंगी लागत नाही, मग रक्त कमी राहतं, पोर किरकिरं होतं, आणि किरकिर करतं म्हणून परत चहा. तुमचा चहा तुम्ही घ्या, त्याच वेळेला त्याला दुधात भाकरी कुस्करून तुम्हीच भरवा. एवढंच करा पुढच्या महिन्यापर्यंत. बाकी काही नको."

दहा-बारा मिनिटं लागली असतील सगळ्याला मिळून. मी तेव्हापासून ह्या दहा मिनिटांचाच विचार करतेय, कारण माझी मोठी मुलगी पुण्यात झाली, एका मोठ्या हॉस्पिटलात तिच्या सगळ्या लसी झाल्या, फाईल आहे, ॲपवर रिमाइंडर येतात, आणि त्या दोन वर्षांत एकाही माणसाने मला विचारलं नाही की काल तुमच्या मुलीने काय खाल्लं. वजन-उंची लिहायचे, टोचायचे, पुढची तारीख द्यायचे आणि पुढचा नंबर पुकारायचे. तिथल्या नर्सना येत नव्हतं असं नाही, एकदा बिलाच्या रांगेत उभी असताना त्यातल्याच एकीने मला हळूच सांगितलं, रात्री झोपताना दुधाची बाटली तोंडात देऊ नका, दात किडतात. खूप उपयोगाचं होतं ते, पण बिलाच्या रांगेत, हळूच, जणू तिला तसं सांगायची मुभाच नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान मुलांच्या सवयी लावायच्या, म्हणजे काय खायचं, कसं खायचं, किती झोपायचं, दात कधी घासायचे, मोबाईल कधी नाही, ह्यात आईबापांना हाताला धरून मदत करू शकेल असं सगळ्यात जवळचं माणूस म्हणजे नर्स आहे, आपण तिला सिस्टर म्हणतो, आणि तिच्याकडे ते करायला लागणारा वेळ आधीच ठरवून दिलेला आहे, तो लस दिल्यानंतरचा अर्धा तास. तो आपण वाया घालवतोय. लस दिल्यावर काही त्रास होत नाही ना बघायला अर्धा तास थांबवतात, नियमच आहे, आया थांबतात, आणि त्या अर्ध्या तासात बऱ्याच ठिकाणी सिस्टर मान खाली घालून रजिस्टर भरत असते नाहीतर नेटवर्क शोधत मोबाईलमध्ये एंट्री करत असते.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, लस दिल्यावर सिस्टरने आईला चार गोष्टी सांगायच्याच असतात, त्यांच्या ट्रेनिंगमध्ये ते पक्कं करून घेतात. कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, ताप-सूज आली तर काय करायचं, पुढच्या लसीला कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणायचं. चार संदेश म्हणतात त्याला. ह्या चार वाक्यांनी किती काम केलंय बघा, आज खेड्यातली कुठलीही आई तुम्हाला सांगेल की पेंटाने, म्हणजे पाच आजारांवरच्या त्या एकत्र लसीने, ताप येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो, घाबरायचं नाही. हे आयांना जन्मतः माहीत नव्हतं, सिस्टरनी हजारो वेळा तेच तेच सांगून सांगून ते घराघरात गेलं. मग पाचवा संदेश का नको? ह्या वयाच्या बाळाची एक सवय, एकच, त्या त्या भेटीला जी लागू आहे ती.

दीड महिन्याला आली तर फक्त अंगावरचं दूध, पाणी नाही, गुटी नाही, मध नाही. साडेतीन महिन्याला आली तर सहा महिने पूर्ण झाले की वरचं काय आणि कसं सुरू करायचं, आत्ताच ऐकून ठेवा. नऊ महिन्याला घट्ट जेवण, आणि जेवताना मोबाईल नाही. दीड वर्षाला दात, आणि वेफर्स-कुरकुऱ्यांची पाच रुपयांची पाकिटं. फार मोठं शास्त्र नाहीये हे, आणि ह्यातलं बरंचसं माता-बाल संरक्षण कार्डावर चित्रांसकट छापलेलं आहे, पण ते कार्ड उघडतं ते फक्त लसीच्या पानावर, बाकीची पानं कोरी करकरीत राहतात, माझ्या कार्डाचीही तशीच होती.

आता एक गोष्ट मला स्वतःला कार्ड समोर घेऊन बसल्यावर लक्षात आली. सरकारी वेळापत्रकात दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसी आहेत आणि त्यानंतर थेट नववा महिना. मधे साडेपाच महिने सिस्टरची आणि बाळाची गाठच पडायचं कारण नाही. आणि ह्याच मधल्या काळात, सहा महिने पूर्ण झाल्यावर, बाळ पहिल्यांदा अन्न तोंडात घेतं, म्हणजे खाण्याच्या सगळ्या सवयींची सुरुवात जिथे होते तिथेच आपली गाठ सुटते! आई त्या वेळेला कुणाला विचारते, तर शेजारणीला, सासूला, नाहीतर व्हिडिओला. आशाताईंनी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जायचं असा कार्यक्रम २०१८ पासून आहे, चांगला आहे, त्या पाच भेटींचे मिळून तिला २५० रुपये मिळतात, म्हणजे एका भेटीचे ५०. पन्नास रुपयात ती घरी जाते, वजन बघते, सांगते, हे खरंच मोठं आहे. पण तिच्या बोलण्यामागे सिस्टरचं वजन असलं पाहिजे, कारण घरातली सासू आशाताईला "तू कालची सून आमच्या गल्लीतली" म्हणू शकते, सिस्टरला तसं म्हणत नाही. म्हणून मला वाटतं सहा महिने पूर्ण झाल्यावर लस नसली तरी त्याच सत्राला बाळाला बोलवावं, वजन करावं, आणि पहिला घास कसा द्यायचा ते तिथेच चमच्याने करून दाखवावं.

हे एवढं का लावून धरायचं तर आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी, २०१९-२१, त्यात महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांमधली ३५.२ टक्के वयाच्या मानाने बुटकी निघाली. २००५-०६ ला हा आकडा ४६.३ होता, दहा वर्षांत तो ३४.४ वर आला आणि मग तिथेच अडकून बसला, उलट जरासा वर सरकला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के रक्त कमी असलेली, म्हणजे दर दहातली जवळजवळ सात, महाराष्ट्रात, आपल्या पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्यात. देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांमधल्या फक्त शंभरातल्या अकरांना पुरेसा आणि विविध आहार मिळतो. दुसऱ्या बाजूला पाच वर्षांखालची जास्त वजनाची मुलं देशात २.१ टक्क्यांवरून ३.४ वर गेली. म्हणजे एकाच गल्लीत एक पोर कमी खातंय आणि दुसरं नको ते खातंय, आणि कितीतरी वेळा दोन्हीचं मूळ त्याच पाकिटात आहे.

ह्यावर मला कुणीतरी नक्की म्हणणार की अहो गरिबी आहे, खायला नाही तिथे सिस्टरच्या बोलण्याने काय होणार. हे बोलणं मी कधीच झटकून टाकणार नाही, कारण ज्या घरात आई ऊसतोडीला जाते आणि बाळ कोप्यावर पाचटात खेळतं तिथे तुम्ही तिला चार वेळा भरव म्हणून सांगणं म्हणजे तिच्या दुखण्यावर बोट ठेवणं आहे. तिथे आधी रेशन पाहिजे, पाळणाघर पाहिजे, मजुरी पाहिजे. पण त्या बाईच्या घरातसुद्धा डाळ शिजते, आणि डाळीचं पाणी बाळाला नि डाळ मोठ्यांना जाते, हे पैशाने झालेलं नाही, हे न सांगितल्याने झालंय. आणि पाच-पाच रुपयांची दोन पाकिटं रोज आणली तर त्यात एक अंडं येतं. ही गोष्ट तिला मीही सांगू शकत नाही आणि टीव्हीवरचा माणूसही नाही, सांगितली तर तिला राग येईल, आणि यावाच. पण जिने तिचं बाळंतपण बघितलंय, रात्री-अपरात्री फोन उचललाय, त्या सिस्टरने सांगितलं तर ती ऐकून घेते. त्या नात्यावरच माझी सगळी भिस्त आहे.

पण नर्स म्हटलं की सगळ्या अशाच हेही खरं नाही, ते लपवून उपयोग नाही. माझ्या मोठीच्या वेळेला तिसऱ्या दिवशी मला दूध येत नव्हतं, टाके दुखत होते, आणि वॉर्डमधल्या एका नर्सने सगळ्यांसमोर "शिकलेल्या ना तुम्ही, एवढं कळत नाही का, बाळाला नीट धरता येत नाही" असं सुनावलं. मी त्या रात्री डब्यातलं दूध मागवलं. तिच्या म्हणण्यात चूक नव्हती, धरण्याचीच पद्धत चुकत होती माझी, पण जे दोन मिनिटं शेजारी बसून दाखवता आलं असतं ते ओरडून सांगितलं आणि मी पुढचे सहा महिने त्या डब्यातून बाहेर आले नाही. बोलणी खाल्लेली आई पुढच्या वेळेला खरं सांगत नाही, ती म्हणते सगळं खातोय, छान झोपतोय, मोबाईल? छे, दाखवतच नाही. आणि एकदा खोटं सुरू झालं की सिस्टरला मदत करायला जागाच राहत नाही. त्याच पाचव्या फेरीत देशात १०० पैकी जवळपास ८९ बाळंतपणं दवाखान्यात झालेली, म्हणजे नर्सच्या नजरेसमोर, आणि तरी पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं १०० मध्ये ४२ च्या आसपास होती. नर्स शेजारी उभी असणं आणि नर्सने शेजारी बसणं ह्यात एवढा फरक आहे.

म्हणून ट्रेनिंग द्यायचं तर आहारातल्या जीवनसत्त्वांची यादी परत पाठ करून घेण्याचं नको, ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतं. ट्रेनिंग विचारण्याचं पाहिजे. त्या सिस्टरनी काय केलं होतं ते परत आठवते, पहिल्यांदा विचारलं, मग सगळं ऐकलं, जे चांगलं चाललंय तिथे हात लावला नाही, एकच गोष्ट निवडली, ती करून दाखवली, आणि घरात ती गोष्ट ज्याच्या हातात आहे त्या आजीला सोबत घेतलं, अपमान न करता. आजीचा चहा काढून घेतला पण भरवण्याचा मान तिलाच दिला. हे असं वागणं जन्मजात असतं असं आपण म्हणतो आणि सोडून देतो, पण ते शिकवता येतं, चांगल्या सिस्टरसोबत नव्या सिस्टरला चार सत्रं बसवलं तरी शिकता येतं.

मोबाईलचं वेगळं लिहिते कारण हल्ली कुठल्याही आईला विचारा, पहिलं वाक्य येतं "मोबाईल दाखवल्याशिवाय जेवतच नाही". भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन वर्षांपर्यंत स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत, असं सांगितलंय. हे वाक्य आता सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाच्याच घरी चालत नाही, का, तर "नको" सांगितलं पण मग "काय" ते कुणी सांगितलं नाही. आई एकटी आहे, गॅसवर कुकर आहे, नवऱ्याचा डबा आहे, आणि पोर तोंड मिटून बसलंय, तिला मोबाईल हा एकच मदतनीस दिसतो. इथे सिस्टरने सांगायचं ते हे की पोर तोंड मिटतं म्हणजे कदाचित त्याचं पोट भरलंय, जबरदस्तीने चार घास जास्त गेले नाहीत तर काही बिघडत नाही, आणि नवीन भाजी बाळ पहिल्या-दुसऱ्या वेळेला थुंकणारच, आठ-दहा वेळा समोर आल्यावर मग ते ती खायला लागतं. आपण दोनदा थुंकलं की "त्याला भोपळा आवडत नाही" असं जाहीर करतो आणि तो भोपळा त्याच्या आयुष्यातून जातो. व्हिडिओ बघत गिळलेल्या घासाची ना चव कळते ना पोट भरल्याचं कळतं. मला हे कळलं तेव्हा माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती, आणि जेवताना मोबाईल सोडवायला आम्हाला पुढे पाच महिने लागले, घरात रोज रडारड. धाकट्याच्या वेळेला लावलाच नाही तर सोडवायचा प्रश्नच आला नाही. लावलेली सवय मोडण्यापेक्षा न लावणं सोपं हे आपल्या आज्या सांगायच्याच, फक्त मोबाईल त्यांच्या वेळी नव्हता.

आणि बाबा लोकं. लसीच्या सत्राला मी एकही बाप पाहिला नाही, गाडीवर सोडून बाहेर थांबलेले दोन होते. पाकीट घरी कोण आणतं? संध्याकाळी कामावरून येताना पोराला काहीतरी न्यावं म्हणून बापच आणतो, प्रेमाने आणतो. जेवताना मोबाईल कुणाचा असतो? रात्री अकरापर्यंत जागं कोण ठेवतं पोराला, बाबा उशिरा येतात म्हणून? एक-दोन वर्षांच्या बाळाला दिवसाची मिळून अकरा ते चौदा तास झोप लागते, ती कुठून येणार? मग सगळं शहाणपण फक्त आईला सांगून घरी गेल्यावर तिने ते सगळ्यांशी भांडून राबवायचं, हे बरोबर नाही. सिस्टरने बाहेर थांबलेल्या त्या दोघांना आत बोलवावं एवढंच माझं मागणं आहे, सांगणारी सिस्टर असली की बापही ऐकतात, बायकोचं ऐकण्यात कमीपणा वाटणारे तर नक्कीच.

आता हे सगळं करून खरंच फरक पडतो का? सिडनीच्या नैऋत्य भागात, तिथल्या त्यातल्या त्यात गरीब वस्त्यांत, ६६७ पहिलटकरणींना घेऊन एक प्रयोग झाला होता, नर्सनी बाळंतपणाआधी एकदा आणि नंतर दोन वर्षांत सात वेळा घरी जायचं, दूध, जेवण, खेळ, टीव्ही ह्याबद्दल बोलायचं. २०१२ मध्ये त्याचा निकाल छापून आला, दोन वर्षांच्या वयाला त्या मुलांचं वजन उंचीच्या मानाने जास्त आटोक्यात होतं, भाजी खाणारी जास्त होती, टीव्हीसमोर जेवणारी कमी. पुढे ती मुलं पाच वर्षांची झाली तेव्हा परत मोजलं तर वजनातला फरक राहिला नव्हता. काही जण ह्यावरून म्हणतात की बघा, उपयोग नाही. मला उलट वाटतं, दोन वर्षांनी नर्स यायची थांबली आणि तीन वर्षांत कमावलेलं गेलं, तर ह्याचा अर्थ तिने यायचं थांबायला नको होतं. लसीचासुद्धा बूस्टर द्यावाच लागतो.

आणि आपल्याकडे दोन वर्षांनंतर काय आहे? दीड-दोन वर्षांच्या बूस्टरनंतर पुढची सुई थेट पोर पाच वर्षांचं झाल्यावर. मधे दर सहा महिन्यांनी जीवनसत्त्व अ चा डोस, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंताची गोळी, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तिच्यात डॉक्टरांसोबत नर्सही असते. म्हणजे माणूस येतं, पोरगं असतं, फक्त आईबाप नसतात. पोरांना रांगेत उभं करून डोस पाजतात, तपासतात आणि जातात. त्या दिवशी आईबापांना बोलवायला एक निरोप पुरतो, अंगणवाडीताई बाकी सगळ्याचे निरोप देतेच. तीन वर्षांच्या पोराचे दात त्याच्या बापासमोर उघडून दाखवले आणि हे काळं बघा, हे रात्रीच्या बाटलीनं आणि गोळ्या-चॉकलेटनं, असं सांगितलं तर तो माणूस घरी जाऊन ब्रश आणेल, आणि पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढीच लावायची हेही तिथेच सांगून होईल.

माणसं बसून आयांशी बोलली की काय होतं हे सांगायला आपल्याला खरं तर सिडनीला जायचीही गरज नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, औषध-इंजेक्शन द्यायच्या, आणि आईशी बोलायच्या, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, १९९९ मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि पुढे २०११ मध्ये त्याच धर्तीवर देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. जीव वाचवायला आपण हे केलं, वाचलेला जीव नीट वाढवायला ते करता येईल की.

अडतं कुठे तर वेळेवर अडतं. सिस्टर लोकांशी बोला, पहिलं वाक्य तेच, ताई बोलायला कुणाला आवडत नाही, पण रजिस्टर कोण भरणार, ऑनलाइन कोण करणार, रात्री घरी जाऊन एंट्र्या करतो आम्ही. मी एक साधा हिशोब मांडला. मैदानी भागात सिस्टरचं सरकारी आरोग्य उपकेंद्र ५,००० लोकसंख्येला असतं, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० ला. महाराष्ट्रात हजारी साधारण १५ जन्म धरले तर ५,००० च्या उपकेंद्रात वर्षाला ७५ बाळं. प्रत्येक बाळाच्या दोन वर्षांत सहा भेटी, भेटीला दहा मिनिटं, म्हणजे वर्षाला ७५ तास होतात. अख्ख्या वर्षात नऊ-दहा दिवसांचं काम! प्रत्यक्षात एका सिस्टरकडे जास्त लोकसंख्या असते, शेजारच्या रिकाम्या उपकेंद्राचा चार्ज असतो, हे धरून दुप्पट करा, तरी वीस दिवस. सरकार त्यांच्याकडून एकच माहिती वहीत आणि परत मोबाईलमध्ये भरून घेतं, ते एका जागी आणलं तरी हे दिवस निघतात, आणि जिथे निघत नाहीत तिथे एंट्रीला माणूस द्या, सिस्टरला आयांसाठी मोकळी करा. शिवाय आज तिच्या कामाचं मोजमाप होतं ते डोसांवर, किती टोचले, किती राहिले. बोलण्याचं कुठे लिहिलंच जात नाही, म्हणून वरच्या साहेबांच्या लेखी ते काम झालेलंच नसतं. कार्डावर पाचव्या संदेशाला एक रकाना द्या, "ह्या भेटीला काय ठरलं" एवढाच, हाताने लिहिलेली एक ओळ, आणि पुढच्या भेटीला सुरुवात त्या ओळीवरून.

शहरातल्या खाजगी दवाखान्यांनाही हेच लागू आहे, तिथे तर रजिस्टरचीही सबब नाही. डॉक्टर बिझी असतात, मान्य, पण त्यांच्या नर्सला दहा मिनिटं आणि एक खुर्ची द्या, आणि डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगा की बाहेर सिस्टरशी बोलून जा. पालक पैसे मोजतात, त्यांनाही हे मागता आलं पाहिजे. मी आता मागते. गेल्या महिन्यात मोठीच्या बूस्टरला गेलो तेव्हा नर्सला म्हटलं, पाच मिनिटं बसता का, हिच्या झोपेचं विचारायचंय. ती आधी केबिनच्या दाराकडे बघत राहिली आणि मग बसली, आणि बसल्यावर तिने जे विचारलं त्यातलं निम्मं माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्या गावातल्या आजींचं सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यात अंगणवाडीत टीएचआरचं, म्हणजे बाळासाठी घरी न्यायच्या पोषण आहाराचं, पाकीट आणायला गेले तेव्हा भेटल्या. सकाळचा चहा बंद झाला होता, चारचा अजून चालू होता, बिस्किट दोनाचं एक झालं होतं. "भाकरी खातंय आता, दुधात कुस्करून," म्हणाल्या, "पण माझ्याच हातनं, आईच्या हातनं न्हाई." आणि सिस्टर कधी येणारेत ते विचारत होत्या, चारच्या वेळेला काय द्यायचं ते त्यांना विचारायचं होतं.